बंद पडलेला ट्रॅक्टर आणि मागचे हॉर्न



जुना ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर बोभाटा होत नाही. तोच बाजाराच्या दिवशी चौकात किंवा रेल्वे फाटकाच्या तोंडाशी कापसाची ट्रॉली घेऊन अडला की मागून हॉर्न सुरू होतात. ‘असले भंगार रस्त्यावर आणता कशाला?’ असे मोटारीतले साहेब विचारतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

डिझेलची नळी सैल झाली किंवा टाकी तळाला गेली की इंजिन हवा धरते. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हवा काढल्याशिवाय ते चालू होत नाही. बॅटरी उतरलेली असेल तर घरी उतारावर उभा करून भागते. जिनिंगच्या रांगेत उतार कोठून आणायचा? मग तासन्‌तास इंजिन चालू ठेवायचे, आणि डिझेल संपत आले की पुन्हा हवा!

नवा का घेत नाही? हिशेब मांडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. आठ लाखांचा ट्रॅक्टर म्हणजे जवळपास शंभर क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर वीस एकरांचे सगळे पीक. बियाणे, फवारणी, वेचणीला एक पैसाही न देता. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांनी मोजले तर २१६ क्विंटल. तेही हमीभाव पदरात पडला तर. त्याच हंगामात १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सरकारने कापसाचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते.

पिंजोरचा सरकारी एचएमटी कारखाना १९७१ पासून ट्रॅक्टर काढत होता. २०१६ साली सरकारने तो बंद करायचे ठरवले. कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी हॉर्न वाजवला नाही. त्याचे ट्रॅक्टर शेतकरी अजून ओढतोच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. भाव नाही म्हणून अंधारात ट्रॉली तशीच सोडून जाता येणार नाही. मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा बहुधा आपल्याच गावचा असतो. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा. चाकाखाली घालायला लाकडी ठोकळे बरोबर ठेवा; दगड लावले असतील तर निघताना उचला. वेचणीआधी डिझेल फिल्टर बदला.

बाकीची दुरुस्ती मिस्त्रीच्या हातची नाही. ती कापसाच्या भावाने व्हायची आहे. साहेबांनी हॉर्न वाजवायचा तर तेथे वाजवावा.