पुस्तक-परिचय : गॉथमनगरीच्या तिघी

चित्रकथा म्हणजे पोरांची करमणूक, अशा समजुतीनें घरांतील वडील माणसें ती न चाळतांच बाजूस सारतात. परंतु आज आम्ही वाचकांपुढें जी इंग्रजी चित्रकथा ठेवीत आहों, ती वडील माणसांनींच आधीं वाचावी अशी आहे. तिचें नांव 'गॉथम सिटी सायरन्स'. अमेरिकेंतील डीसी कॉमिक्स या संस्थेनें ती २००९ ते २०११ या काळांत २६ अंकांत प्रसिद्ध केली. आरंभींचे लेखक पॉल डिनी व चित्रकार गिलेम मार्च होत.

गॉथम ही कल्पित नगरी व बॅटमन हा तिचा रक्षक. येथें मात्र तो मागें राहून, एरवीं ज्यांना तो पकडीत असतो अशा तीन स्त्रिया पुढें आल्या आहेत. सेलीना काइल ऊर्फ कॅटवुमन ही अट्टल चोर; ती वाचकांस १९४० पासून परिचित आहे. पॉयझन आयव्ही ही १९६६ सालीं अवतरलेली वनस्पतिशास्त्रज्ञ. वृक्षवेलींवर तिची जितकी माया, तितकाच मनुष्यजातीवर राग. तिसरी हार्ली क्विन. हिला डिनी व ब्रूस टिम यांनीं १९९२ सालीं दूरचित्रवाणीवरील मालिकेसाठीं निर्माण केलें. ही मनोविकारांची डॉक्टर. पण आर्कहॅम येथील वेड्यांच्या इस्पितळांत जोकर नामक क्रूर गुन्हेगारावर उपचार करतां करतां त्याच्याच नादीं लागली.

एका शत्रूनें सेलीनाचें हृदयच काढून घेतलें होतें. त्यांतून ती वांचली, पण पूर्वीची शक्ति राहिली नाहीं. म्हणून तिघी एका छपराखालीं राहूं लागतात. लागलीच दोघी तिला दटावून विचारतात, बॅटमन खरा कोण? सेलीनास तें ठाऊक आहे. परंतु गुपित दुसऱ्याचें म्हणून ती खोटें सांगते. ज्या घराचा पायाच अविश्वासावर घातला, तेथें सख्य टिकेल काय, हा या कथेंतील खरा प्रश्न होय. मारामाऱ्या केवळ निमित्तमात्र.

आमचें लक्ष सर्वांत अधिक वेधलें तें हार्लीनें. डिनी व टिम यांच्याच १९९४ च्या 'मॅड लव्ह' या चित्रकथेंत जोकर तिला खिडकींतून खालीं लोटून देतो. जायबंदी होऊन पडलेली हार्ली त्याला विसरण्याचा निश्चय करते. इतक्यांत उशाशीं त्यानें पाठविलेलें फूल व लहानशी चिठ्ठी दिसते, आणि निश्चय विरघळतो. 'सायरन्स'मध्येंही ती त्याला ठार मारावयास म्हणून जाते आणि उलट त्यालाच सोडवून बसते. एवढी शिकलेली बाई अशी कशी फसते, असें सुशिक्षित घरांत हमखास विचारलें जातें. परंतु दुसऱ्याच्या मनाचें निदान करणें निराळें आणि स्वतःच्या मनाची गांठ सोडविणें निराळें.

पुढें तिघींत वैर पडतें. तथापि बॅटमन दोघींस पकडावयास येतो तेव्हां सेलीनाच त्यांना निसटून जाण्यास साह्य करते, कारण तिला दुसऱ्या मैत्रिणी नाहींत. न्यायाच्या दृष्टीनें हें कृत्य गैरच. पण लेखकानें या स्त्रियांस देवी केलें नाहीं आणि राक्षसीही केलें नाहीं, हेंच त्याचें यश.

दोषही सांगितले पाहिजेत. ग्रीक पुराणांतील सायरन गोड गळ्यानें खलाशांस भुलवून नाशास नेत. कथेचा भर मात्र स्त्रियांना एकमेकींचा आधार लागतो यावर आहे. चित्रेंही शीर्षकाच्याच मार्गानें जातात. प्रसंग संकटाचा असो वा शोकाचा, देहाची ठेवण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठींच योजिली आहे. डिनी यांच्यानंतर पीटर कॅलोवे यांनीं लिहिलेल्या अंकांत पहिली खुमारी नाहीं.

लहान मुलांच्या हातीं हें पुस्तक देऊं नये. जाणत्या मुलामुलींस मात्र अवश्य द्यावें, आणि हार्लीविषयीं त्यांच्याशीं मोकळेपणानें बोलावें. छळणाऱ्याकडे पुनः पुनः परत जाणारी मुलगी कथेंतच असते असें नाहीं. ती परत गेली म्हणून माहेरचें दार लावून घेऊं नये. पुढच्या वेळीं तिला तेंच लागणार असतें.