‘सबमिट’ दाबल्यावर अर्ज जातो तरी कुठे?

मैत्रिणींनो, हल्ली घरातली निम्मी कामं अर्जाची झाली आहेत. मुलीची शिष्यवृत्ती, रेशनकार्डावर नव्या सुनेचं नाव, विजेच्या बिलाची तक्रार, सुटीतलं रेल्वेचं आरक्षण, सगळं वेबसाइटवर! २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हा तर ज्यांनी असला अर्ज कधी पाहिलाही नव्हता, त्या बायकांनीही तो मोबाइलवर भरला, नाहीतर कुणाकडून तरी भरून घेतला.

या अर्जांच्या बाबतीत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘अहो, मी फॉर्म भरला होता, सबमिटही दाबलं होतं. आता म्हणतात, नोंदच नाही!’ तोवर शेवटची तारीख टळून गेलेली असते आणि मुलीची फी घरखर्चातून काढायची पाळी येते. शिवाय ‘जमत नव्हतं तर आधी सांगायचं’ हे बोलणं ऐकून घ्यावं लागतं, ते वेगळंच.

खरं म्हणजे यात आपल्याला न समजण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट मनाशी पक्की धरावी. फॉर्म भरणं वेगळं, तो पोचणं वेगळं आणि तिकडे त्याची नोंद होणं वेगळं. या तीन पायऱ्या ओळखल्या की कुठे अडलं ते आपलं आपल्यालाच कळतं.

रकाने म्हणजे चिठ्ठी लावलेले डबे

वेबसाइटचं पान ज्या भाषेत लिहितात, तिला एचटीएमएल म्हणतात. सुरुवातीला ही पानं नुसती वाचायची असत. वाचणाऱ्याने त्यावर काही लिहून परत पाठवावं, ही सोय १९९३ च्या सुमारास आली आणि १९९५ साली एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत ती रीतसर नोंदली गेली. आज आपण वेबसाइटवर भरतो ते फॉर्म याच सोयीतून आलेले आहेत.

फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला पडद्यामागे एक नाव दिलेलं असतं. आपण डब्यांवर ‘हळद’, ‘धणे’ अशी चिठ्ठी लावतो ना, तसंच. सबमिट दाबलं की चिठ्ठी आणि डब्यातला जिन्नस अशा जोड्या तिकडे जातात. आडनावाच्या रकान्यात चुकून गावाचं नाव पडलं, तर तिकडचं यंत्र तेच आडनाव समजून बसतं. यंत्राला माणसासारखं सांभाळून घेता येत नाही, बरं का!

गोल खुणांमधून एकच निवडता येते, चौकोनी खुणा हव्या तेवढ्या करता येतात. चौकोन रिकामा ठेवला तर त्याबद्दल तिकडे काहीच जात नाही. म्हणून ‘वरील माहिती खरी आहे’ अशा चौकोनातली खूण विसरू नये. उलट काही ठिकाणी चौकोनात आधीच खूण करून ठेवलेली असते. जाहिराती पाठवा, विमा जोडा, असं काहीतरी तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचावं आणि नको असेल तर खूण काढून टाकावी.

आधी जुळवाजुळव, मग फॉर्म

पुरणपोळीचा घाट घालायचा तर आपण डाळ शिजत टाकून मग गूळ आणायला धावत नाही. फॉर्मचंही तसंच. आपण आत शिरल्यावर वेबसाइट आपली ओळख थोडा वेळच लक्षात ठेवते. मध्येच उठून आधारकार्ड शोधायला गेलो आणि बराच वेळ काही केलं नाही, तर ती आपल्याला विसरते आणि भरलेलं सगळं वाया जाऊ शकतं. सुरक्षिततेसाठीच हे केलेलं असतं. कालपासून उघडं राहिलेलं पान आज पाठवायला गेलं तर ‘सेशन एक्स्पायर्ड’ असा संदेश येतो, तो याच कारणाने.

तेव्हा आधारकार्ड, बँकेचं पासबुक, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, सगळं आधी पुढ्यात घ्यावं. मोठा मजकूर लिहायचा असेल, उदाहरणार्थ तक्रार, तर तो आधी दुसरीकडे लिहून ठेवावा आणि मग रकान्यात उतरवावा. फोटोचंही आधीच पाहावं. मोबाइलवर काढलेला फोटो बहुधा काही एमबीचा असतो आणि फॉर्म मागतो ५० किंवा १०० केबी. एक एमबी म्हणजे साधारण १,००० केबी. एवढा मोठा फोटो त्या रकान्यात जाणार कसा? फोनमध्ये फोटो कापून किंवा लहान करून तो वेगळा ठेवला म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

पहिली पायरी : आपल्याच फोनवरची तपासणी

लाल चांदणी असलेला रकाना सक्तीचा. तो रिकामा असेल, मोबाइल क्रमांकात नऊच आकडे असतील, तर फॉर्म जागचा हलत नाही. पुष्कळदा आपण खालचं बटण दाबत राहतो आणि लाल अक्षरातली सूचना वर कुठेतरी दिसत असते! बटण दाबून काही झालं नाही, तर पान वरपर्यंत सरकवून पाहावं. ही तपासणी आपल्याच फोनमधला ब्राउझर करतो. अर्ज अजून घराबाहेर पडलेलाच नसतो.

दुसरी पायरी : वाटेतला प्रवास

अर्ज पाठवायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक पोस्टकार्डाची, दुसरी पाकिटाची. पोस्टकार्डाच्या रीतीत आपण लिहिलेलं वेबसाइटच्या पत्त्यालाच जोडून जातं. काही शोधल्यावर शोधलेला शब्द वर पत्त्यात दिसतो, तो असा. शोधण्यापुरतं ते ठीक आहे. पण हा पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो. म्हणून पासवर्ड किंवा आधार क्रमांक वरच्या पत्त्यात दिसला, तर ती वेबसाइट कच्च्या हाताने केलेली आहे असं समजावं आणि तिथे पुढे काही भरू नये. पाकिटाच्या रीतीत मजकूर आत जातो, पत्त्यात दिसत नाही.

पण पाकीट नुसतं बंद असून भागत नाही, वाटेत कुणी उघडू नये म्हणून त्याला लाखेची मोहोर हवी. ती मोहोर म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’. शेवटचा ‘एस’ महत्त्वाचा. ‘नॉट सिक्युअर’ अशी सूचना दिसली तर तिथे पैशाचा किंवा ओळखपत्राचा तपशील देऊ नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मोहोर वाटेपुरती असते, पाकीट घेणारा भला आहे याची ती हमी नव्हे! फसवणाऱ्याच्या वेबसाइटलाही ‘एचटीटीपीएस’ मिळतं. पूर्वी पत्त्याजवळ कुलपाचं चित्र दिसायचं आणि लोक कुलूप पाहून निर्धास्त व्हायचे. हा गैरसमज फार झाला म्हणून २०२३ साली गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चित्रच काढून टाकलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं होऊ नये म्हणून पत्ता स्वतः वाचायचा. सरकारी वेबसाइटचा पत्ता बहुतेक वेळा ‘जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन’ किंवा ‘एन-आय-सी, टिंब, आय-एन’ असा संपतो. संपतो म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी तो आलेला असतो. तीच अक्षरं मध्ये घालून पुढे आणखी काही जोडलेलं असेल, तर तो बनाव समजावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून सरकारी फॉर्म कधीही भरू नये. पत्ता स्वतः टाइप करावा.

तिसरी पायरी : तिकडची नोंद

पाकीट पोचलं की तिकडचं यंत्र, ज्याला सर्व्हर म्हणतात, ते उघडतं आणि सगळं पुन्हा तपासतं. फोनवरची तपासणी चुकवता येते, म्हणून तिच्यावर विसंबून चालत नाही. सगळं ठीक असेल तर माहिती नोंदवहीत चढते आणि अर्ज क्रमांक पडतो. हा क्रमांक हाती येईपर्यंत अर्ज झाला असं म्हणूच नये. ‘सेव्ह’ किंवा ‘ड्राफ्ट’ म्हणजे नुसता कच्चा खर्डा. त्याला अर्ज क्रमांक मिळाला तरी स्थिती काय दाखवतात ते पाहावं. ‘सबमिटेड’ असं असायला हवं.

शेवटच्या दिवशी गर्दीने यंत्र मंदावतं आणि चक्र नुसतं फिरत राहतं. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. पहिला अर्ज पोचलेला असेल आणि उत्तर यायचं राहिलं असेल, तर दुसरा अर्ज किंवा दुसऱ्यांदा पैसे जाण्याची भीती असते. पान पुन्हा उघडताना ब्राउझरने ‘फॉर्म परत पाठवू का?’ असं विचारलं, तर पैशाच्या व्यवहारात आधी ‘नाही’ म्हणावं. मग बँकेचा संदेश पाहावा, अर्जाची स्थिती पाहावी आणि नोंद नाही अशी खात्री झाली तरच पुन्हा भरावं.

पैसे गेले आणि पावती आली नाही, तरी घाबरून जाऊ नका. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला दिलेले पैसे खात्यातून गेले, पण तिकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. बँकेत तक्रार करताना तो जरूर सांगावा.

आपलं नाव आणि यंत्राचा घोळ

हा घोळ आपल्या वाट्याला पुरुषांपेक्षा जास्त येतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, फॉर्ममध्ये शेवटी. माणूस म्हणेल, ‘हो, हो, त्याच या.’ यंत्राला अक्षर न् अक्षर जुळवायचं असतं. एक ‘ए’ कमी पडला, मध्ये वडिलांच्या जागी पतीचं नाव आलं, तरी अर्ज अडू शकतो.

म्हणून नाव आपल्याला आवडेल तसं न लिहिता, फॉर्म ज्या कागदावरून पडताळणी करणार असेल, त्या कागदावर आहे तसंच लिहावं. बहुधा ते आधार असतं, पण सूचना वाचून खात्री करावी. आणि सवडीने एकदा बसून सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्यावं. कोणतं ठेवायचं, माहेरचं की सासरचं, हा तुमचा प्रश्न. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद जपून ठेवा. ती पदोपदी लागते.

दुसऱ्याकडून भरून घेताना

सगळ्यांकडे संगणक नसतो. सेतू केंद्रात किंवा कॉम्प्युटरच्या दुकानात जावं लागतं, त्यात कमीपणा नाही. मात्र शेजारी बसून भरून घ्यावं.

मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, दुकानदाराचा नव्हे. पुढची सगळी पत्रं त्याच क्रमांकावर येतात.

ओटीपी कशासाठी आला आहे, ते संदेशात वाचूनच सांगावा. घरी आल्यावर फोन करून कुणी मागितला, तर मुळीच सांगू नये.

सबमिट दाबण्यापूर्वी सगळा अर्ज पडद्यावर स्वतः वाचावा. खात्याचा क्रमांक तर एकेक आकडा बोट ठेवून.

चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार द्यावं.

निघताना पावती छापून घ्यावी, आपल्या कागदांच्या प्रती त्या संगणकातून पुसायला सांगाव्यात आणि आपल्यासमोर ‘लॉगआउट’ करायला लावावं.

एवढं करूनही पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

एक वही करा

शेवटी एक साधा उपाय. दूधवाल्याचा, वाण्याचा हिशेब आपण लिहितो, तशी अर्जांची एक वही करा. तारीख, कुठला अर्ज, अर्ज क्रमांक, पैसे किती गेले, पुढे कधी पाहायचं, एवढे पाच रकाने पुरेत. पासवर्ड मात्र तीत लिहू नका. आठ-दहा दिवसांनी एकदा वही उघडून अर्जाची स्थिती पाहावी. कागद अपुरा म्हणून अर्ज परत आलेला असतो आणि तो दुरुस्त करायलाही मुदत असते, हे पुष्कळ जणींच्या लक्षातच येत नाही.

वेळ लागू दे, पहिले दोन-तीन फॉर्म चुकू देत. पण आपला अर्ज आपण भरावा. त्यावर आपलं नाव असतं, आपलं खातं असतं आणि पुष्कळदा आपल्या लेकीचं वर्ष असतं. तेवढं तरी आपल्या हातात हवं, नाही का?