वरठीचा रस्ता

‘भंडारा रोड’ स्टेशनावर प्रथमच उतरणारा पाहुणा बाहेर येतांच विचारतो, ‘भंडारा कोठें?’ तें तर दोन-तीन कोसांवर, ही वरठी! रेल्वेच्या परिभाषेंत ‘रोड’ या उपपदाचा अर्थच असा कीं, गांव येथें नाहीं, गांवाकडे जाणारा रस्ता मात्र आहे. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा लोहमार्ग शहराला टाळून गेला. १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो घेऊन रुंद केला, पण शहराजवळ कांहीं आणला नाहीं. तेव्हांपासून हा रस्ता भंडाऱ्याचा खरा उंबरठा. लेकी सासरीं गेल्या त्या याच वाटेनें.

आज वरठीस सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे. मालमोटारी धांवतात, दुतर्फा घरें-दुकानें वाढून शहरच स्टेशनाच्या भेटीस निघालें आहे. अन्न देणाऱ्या रस्त्यावर रुसावें कोणीं? परंतु शाळेस निघालेल्या मुली सायकल धरून कडेच्या मुरमांत उभ्या राहतात, हें पाहून आमचा जीव खालीं-वर होतो. परवां आम्हीं एकीस विचारलें, ‘अशानें उशीर होत नाहीं?’

‘होतो ना, आजोबा. म्हणून तर आम्ही अर्धा तास आधींच निघतो.’