पडद्यावरील पिनबॉल : नक्कल कितपत खरी?

विंडोज एक्सपीबरोबर आलेला ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉल आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मुलांनीं खेळलेला आहे. तो संगणकासाठींच रचलेला असल्यामुळें मुळाशीं ताडून पाहण्याचा प्रश्न तेथें येत नाहीं. परंतु जे खेळ प्रत्यक्षांतील यंत्राची प्रतिकृति म्हणवितात, त्यांची परीक्षा कशी करावी, हें आज पाहूं.

मूळ यंत्र म्हणजे सुमारें साडेसहा अंश उतरती लांकडी फळी आणि तीवर धांवणारा सुमारें ८० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा. गोळा परतविणारे विजेचे ‘फ्लिपर’ १९४७ सालीं गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रांत प्रथम आले. १९९२ च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’सारख्या यंत्रांत गुण, दिवे व आवाज यांचे नियम इलेक्ट्रॉनिक चिपमध्यें सांठविलेले असतात. ‘पिनमेम’ ही प्रणाली तोच मूळ कार्यक्रम संगणकावर चालविते. म्हणून नियमांपुरती नक्कल जवळजवळ अस्सलच असते.

गोळ्याची गोष्ट निराळी. रबराची उसळी, गोळ्याची गिरकी, फळीखालील लोहचुंबकाची ओढ, हें सर्व आंकड्यांनीं अजमावावें लागतें. शिवाय खरा खेळाडू यंत्राला हातानें हलका धक्का देतो. तो जास्त झाला कीं आंतील लोलक ‘टिल्ट’ दाखवून डाव बंद पाडतो. या अंगच्या अंदाजाची जागा कळफलकावरील एक कळ कशी घेणार?

पण ‘मूळ’ तरी कोणतें? रबर जुनें होतें, फळी झिजते, मालक उतार बदलतो. एकाच नांवाचीं दोन यंत्रेंही सारखीं खेळत नाहींत. म्हणून गोळा नेमका तेथेंच पडला कीं नाहीं, हें न पाहतां, यंत्रावर कमावलेलें कसब पडद्यावर फळतें कीं नाहीं, हें पाहणें आम्हांस अधिक न्याय्य वाटतें.

तथापि नक्कल झाली म्हणजे ठेवा सुरक्षित झाला, असेंही नाहीं. ‘पिनबॉल आर्केड’चा परवाना संपल्यामुळें ३० जून २०१८ नंतर विल्यम्स व बॅली कंपन्यांच्या यंत्रांच्या प्रतिकृति त्यांतून विक्रीस राहिल्या नाहींत. लांकडी यंत्र झिजतें, तर प्रतिकृति कराराबरोबर दिसेनाशी होते.

स्वरलिपीवरून चीज कळते, गळा मात्र गुरूपुढें बसूनच तयार होतो. तरी स्वरलिपि नसती तर कित्येक चिजा नांवापुरत्याही उरल्या नसत्या. पडद्यावरील पिनबॉलचें मोल आम्ही याच मापानें करतों, आणि जेथें खरें यंत्र अजून चालू आहे तेथें तें जपावें, असेंच सुचवितों.