मांत्रिकाचे दार उघडे असते

श्रावण आला की आपल्या शहरांत सर्पदंशावर व्याख्याने होतात. साप शेतकऱ्याचा मित्र कसा हे सांगून होते, मांत्रिकांची टिंगल होते आणि 'खेड्यातली अंधश्रद्धा गेली पाहिजे' या वाक्यावर टाळ्या पडतात. मीही त्या वाजवल्या आहेत. आज त्या परत घेतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २००५ सालच्या मृत्यूंचा अंदाज घेणाऱ्या आधीच्या पाहणीत ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले निघाले आणि जेमतेम २३ टक्के दवाखान्यात झालेले. बाकीची माणसे तिथवर का पोचली नाहीत? अंधश्रद्धा हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे आपल्या व्याख्यानांत येत नाही.

खानापूर तालुक्यात, कनकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस, जमिनीवर घोंगडी टाकून निजलेली पोरे. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. त्या घटकेला बापाने जायचे कुठे? मांत्रिक गावातच असतो. हाक मारली की उठतो. आरोग्य केंद्र लांब. तिथे डॉक्टर आहे की कुलूप, हे पोचल्यावरच कळायचे. डॉक्टर भेटला तर लस संपलेली, आणि लस असली तरी हातात 'बेळगावला न्या' अशी चिठ्ठी. माणूस मांत्रिकाकडे जातो तो पुष्कळदा श्रद्धेपोटी नव्हे, तर उघडे दार बघून. आणि ती चिठ्ठी म्हणजे आमच्या सुशिक्षितांचा मंत्रच. तिनेही विष उतरत नाही.

डॉक्टरची भीती खोटी नाही. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या या लसीची काहींना जोराची रिॲक्शन येते. पण त्यावरचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. घोणस किंवा फुरशाचे विष ओळखायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे ठेवायचे. गोठले नाही तर विष भिनले. मण्यारीच्या रोग्याचा श्वास मंदावला तर हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देत त्याला मोठ्या रुग्णालयापर्यंत नेता येते. यातले अशक्य काय? डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला तो महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच.

कर्नाटकाने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. मार्चमध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. चांगलेच झाले. पण वहीत नोंद झाली म्हणून कपाटात कुपी येत नाही. एका रोग्याला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

१९५६ पासून आपण सीमाभागातले लोक पाट्यांच्या भाषेवरून भांडत आलो. त्या भांडणातली माझी बाजू मी सोडलेली नाही. पण एक पाटी अशी आहे की तिच्यासाठी मराठी आणि कन्नड शेजाऱ्यांनी एकत्र भांडावे. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर, दोन्ही भाषांत, रोज खडूने लिहिलेली : आज लसीच्या कुप्या किती, आणि रात्रीचा डॉक्टर कोण. नाग म्हणा की नागरहावु, विष एकच. चंदगडचा रोगी महाराष्ट्राचा, पण त्यालाही बेळगावच जवळ.

तेव्हा मंडळी, पुढच्या श्रावणात मला व्याख्यानाला बोलावू नका. त्या संध्याकाळी जवळच्या केंद्रावर जमू या आणि कपाट उघडायला लावून कुप्या मोजू या. त्या पुरेशा निघाल्या, तर मग मांत्रिकाला खुशाल हसा.