झाडाच्या नावे टपाल

ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात आंबे, फणसाचे गरे, करवंदे, जांभळे आणि सुताच्या गुंड्या यांच्या शेजारी वडाच्या फांद्यांचे भारे उतरतात. हातभर फांदी घ्यायची, घरी कुंडीत खोचायची, सूत गुंडाळायचे आणि दुसऱ्या दिवशी ती निर्माल्याच्या पिशवीत टाकायची. वडापर्यंत जायला वेळ नाही आणि जवळपास वड उरलेला नाही, ही दोन्ही कारणे खरीच आहेत. ‘फांद्या तोडू नका’ अशी आवाहने दरवर्षी निघतात आणि भारे दरवर्षी उतरतात. वनपर्वातला सत्यवान लाकडे फोडता फोडताच कोसळला होता, हे कोणाच्या लक्षात राहिलेले दिसत नाही.

तरीही पौर्णिमेच्या सकाळी पूजेचे ताट घेऊन नाक्यावरच्या वडापर्यंत चालत जाणारी बाई ठरावीक एका झाडाकडे जाते. तिच्या सासूनेही त्यालाच फेरे घातलेले असतात. मागच्या वर्षीचे मळकट सूत पारंब्यांत अजून अडकलेले असते. महापालिकेच्या दप्तरी मात्र ते झाड वृक्षगणनेतला एक आकडा असते. मुंबईच्या गणनेत असे सुमारे 29 लाख 75 हजार आकडे आहेत. माणसाची झाडाशी असलेली ओळख एका बाजूला आणि सरकारी हिशेब दुसऱ्या बाजूला. आपल्या शहरांत या दोहोंची गाठ पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ती पडली, आणि तीही कोणी ठरवलेले नसताना.

1997 ते 2009 या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला. बागांच्या पाण्यावर निर्बंध आले आणि रस्त्यांवरची जुनी झाडे वाळू लागली. शहराच्या मध्यवर्ती भागाचा कारभार पाहणाऱ्या पालिकेकडे सुमारे 70 हजार झाडे होती. येत्या दहा वर्षांत त्यांतली 27 टक्के आणि वीस वर्षांत 44 टक्के हातची जातील, असा अंदाज निघाला. ही गोष्ट पालिकेने दडवून ठेवली नाही. प्रत्येक झाड नकाशावर टाकले, त्याचे उरलेले आयुष्य रंगाने दाखवले, त्याला क्रमांक दिला आणि 2013 मध्ये क्रमांकाबरोबर ईमेलही दिला. हेतू अगदी रुक्ष होता. फांदी मोडली, कीड लागली, खोड कलले, तर नागरिकाने नेमके कोणते झाड ते सांगून तक्रार करावी आणि माणूस थेट तिथे पाठवता यावा.

तक्रारी आल्याही, पण त्यांच्यासोबत प्रेमपत्रे येऊ लागली. कॉलेजातून बाहेर पडताना एका एल्मचे रूप पाहून थबकलेल्या कोणी तरी त्या झाडालाच ते कळवले. कोणी परीक्षेचे रडगाणे गायले, कोणी नुसतीच सावलीबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. परदेशांतूनही पत्रे आली. निलगिरीच्या कुळातल्या विलो लीफ पेपरमिंट नावाच्या झाडाला एकाने विचारले, तुम्हाला श्री म्हणू की सौ? झाडाचे उत्तर आले: मी दोन्ही नाही, माझ्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात, काही जातींची मात्र नरझाडे आणि मादीझाडे वेगळी असतात.

हे उत्तर बारकाईने वाचण्यासारखे आहे. पत्र थट्टेचे होते आणि पालिकेतल्या माणसाने ती थट्टा मोडली नाही. झाडाच्या तोंडून बोलता बोलता त्याने वनस्पतिशास्त्राचा एक धडा देऊन टाकला. आपल्याकडे असा अर्ज आला असता तर त्यावर ‘विषय या खात्याशी संबंधित नाही’ असा शेरा पडून तो पुढच्या टेबलावर गेला असता. जगभरच्या वृत्तपत्रांनी मेलबर्नच्या पत्रांचे कौतुक केले. आमच्या मते खरे कौतुक उत्तरांचे व्हायला हवे. झाडाला पत्र लिहायला कोणालाही सुचेल. ते पत्र उघडून, त्या क्रमांकाचे झाड कोणते हे पाहून उत्तर लिहिणारा पगारी माणूस बसवणे, हे प्रशासनाचे काम आहे.

आणि पालिका नुसती पत्रे लिहीत बसली नव्हती. 2012 च्या धोरणानुसार शहरावरचे हिरवे छत्र 22 टक्क्यांवरून 2040 पर्यंत 40 टक्क्यांवर न्यायचे ठरले. एकच कीड येऊन सगळे रस्ते उजाड करू नये म्हणून एका जातीची झाडे 5 टक्क्यांहून, एका प्रजातीची 10 टक्क्यांहून आणि एका कुळाची 20 टक्क्यांहून जास्त नसावीत, असा दंडक घातला. ही भीती अनाठायी नव्हती. डच एल्म रोगाने युरोपातले एल्म झपाट्याने संपवले. मेलबर्नचे वाचले ते रोग तिथे पोचला नाही म्हणून. बांधकामासाठी पालिकेचे झाड काढायचे झाले तर बिल्डरकडून त्या झाडाची पैशातली किंमत वसूल होते.

अशा उपक्रमांची लागण इतरत्रही झाली. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये 2019 च्या उन्हाळ्यात लोकांनी झाडांना मोबाइलवरून संदेश पाठवले आणि स्वयंसेवकांनी झाडांच्या वतीने उत्तरे दिली. बर्लिनचा प्रकार जास्त कामाचा आहे. 2018 आणि 2019 च्या कोरड्या उन्हाळ्यांनंतर तिथे झाडांचा एक नकाशा लोकांसाठी खुला झाला. आपल्या गल्लीतले झाड निवडायचे, पाणी घातले की नोंद करायची, म्हणजे शेजाऱ्यालाही कळते की आज त्याची पाळी नाही. आणीबाणीत पाणी मिळावे म्हणून शहरभर बसवलेले रस्त्यांवरचे हातपंपही त्याच नकाशावर आहेत. बादली कुठे भरायची हासुद्धा प्रश्न असतो, हे तिथे कोणाला तरी सुचले!

महाराष्ट्रात झाडाच्या नावे काहीच निघत नाही, असे मात्र नाही. नोटीस निघते. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावर ठळक जागी सूचना लावावी लागते. बुंध्यावर तो कागद पाहिला नाही असा शहरवासी विरळा. खाली सही, वर संदर्भ क्रमांक, मधे तोडायची किती आणि पुनर्रोपणाची किती हा हिशेब, आणि हरकती कोणाकडे पाठवायच्या तो पत्ता. पहिल्या सरीत शाई पसरते. आपल्या शहरात झाडाला येणारे एकमेव टपाल ते हेच, आणि ते बहुधा शेवटचे असते. हरकत घेणारे घेतात. पुढे तिचे काय झाले हे त्यांतल्या किती जणांना कळते? मुंबईतल्या आरेमधल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. हरकतींचे गठ्ठे तेव्हाही होतेच.

याच कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. असे झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची. साठ वर्षांच्या पिंपळापोटी साठ रोपे, हे गणित कागदावर देखणे आहे. मात्र त्या पिंपळाखाली ज्याचे चहाचे दुकान होते त्याला ती साठ रोपे कुठे सापडणार, याचे उत्तर या गणितात नाही.

लोकांना झाडांचे काही पडलेले नाही, ही सबब तर अजिबात चालणार नाही. पुण्यात 2018 मध्ये ‘अंघोळीची गोळी’ असे मिस्कील नाव घेतलेल्या तरुणांच्या गटाने ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम काढली. जाहिरातीच्या पाट्या, क्लासचे फलक, दिव्यांच्या माळा यांसाठी ठोकलेले गंजके खिळे पोरे सुट्टीच्या दिवशी पकडीने उपसत होती. खिळा सालीत रुतून वर गाठ धरलेली असेल तर ती साल न सोलता तो काढणे हे चिकाटीचे काम आहे. आपल्या उत्साही लोकांना पालिकेची एक तर परवानगी लागते, नाही तर तिची नजर चुकवावी लागते. तिसरी वाट अजून पडलेली नाही.

ती पाडायला नवे सॉफ्टवेअर नको, निविदाही नको. गणना झालेली आहे, मुंबईच्या झाडांची जागा उपग्रहाच्या मदतीने नोंदलेली आहे. त्या नोंदीला नागरिकाच्या मोबाइलवर उघडेल असे दार हवे आणि नोटिशीवर झाडाचा तोच क्रमांक हवा. आलेल्या हरकती आणि त्यांवरचा निर्णय त्याच क्रमांकाखाली सगळ्यांना दिसावा. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत कोणत्या झाडाची कोणती फांदी कापणार, तेही तिथेच आधी कळावे. म्हणजे छाटणी म्हणून अर्धे झाड उतरवून ठेवण्याच्या प्रकाराला आळा बसेल.

आणि उत्तरे लिहायला उद्यान खात्यातलाच मुरलेला माणूस बसवावा, जनसंपर्क खात्याला त्यात गुंतवू नये. वडाला फूल का येत नाही, असे एखाद्या पोराने विचारलेच, तर फुले त्या लाल फळाच्या पोटातच दडलेली असतात आणि तीळभर गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते, हे त्याला फाइल न उघडता सांगता आले पाहिजे.