विमान तयार होते, उड्डाणाचे काय?

आर्णी, प्रतिनिधी : शेजारच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका २४ वर्षीय वेल्डरचा स्वतःच बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत मृत्यू झाला. यंत्र जमिनीवरच होते. मागचा पंखा तुटून वरच्या मुख्य पंख्यावर आदळला आणि त्याचे पाते या तरुणाच्या डोक्याला लागले. त्याच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ झाले. घरी बांधलेली विमाने सहसा उडत का नाहीत, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

कारण कौशल्याच्या अभावापुरते मर्यादित नाही. कॅप्टन अमोल यादव हे तर व्यावसायिक वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. तथापि नोंदणी मिळण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि चाचणी उड्डाणे धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये झाली. खासगी व्यक्तीने विमान बांधावे, ही कल्पनाच नियमांना पचनी पडत नव्हती. मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांपर्यंत विषय गेला तेव्हा कागद हलले. प्रत्येक कारागिराला इतकी पोहोच कोठून असणार?

अमेरिकेत हौशी बांधणीची विमाने हजारोंच्या संख्येने नोंदलेली आहेत. तेथेही पहिले २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच, प्रवासी न घेता उडवण्याची अट सर्वसाधारणपणे असते. विमान पुरे होणे ही तेथे परीक्षेची सुरुवात मानली जाते. आपल्याकडे बांधणाऱ्याची पुंजी नेमकी त्याच टप्प्यावर संपलेली असते. धावपट्टी, विमा, इंधन आणि अनुभवी चाचणी वैमानिक यांचा खर्च पुढेच उभा असतो. शिवाय अनेक वर्षे पाना-हातोडी हाती असलेल्याचा उड्डाणाचा सराव सुटलेला असतो. स्वतःच्या हातचा प्रत्येक जोड ठाऊक असणारा माणूस पहिल्या उड्डाणाला कचरला, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

फुलसावंगीपासून जवळच पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यवतमाळला धावपट्टीही आहे. गावातल्या वेल्डरने पंख्याचा तोल, पात्यांचा धातू, जोडांची ताकद इंजिन सुरू करण्यापूर्वी तपासून घेण्यासाठी कोणत्या दारात जावे, याची सोय मात्र नव्हती. प्रोत्साहनाच्या घोषणांपेक्षा ही सोय स्वस्त पडली असती.